आफ्रिकेला भूगोल नडला की नकाशावरच्या रेघा?

नकाशावेडा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी,

सध्या आफ्रिकेच्या प्राकृतिक नकाशात डोकं खुपसून बसलोय. राजकीय नकाशा मुद्दाम बाजूला ठेवलाय. जितकं बघतो तितकं वाटतं, की या खंडाच्या हालांचं निम्मंअधिक मूळ त्याच्या जमिनीतच आहे.

किनाऱ्यापासून सुरू करू. क्षेत्रफळ ३ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या नऊपट. किनारा मात्र जेमतेम ३० हजार किलोमीटर. युरोप याच्या एक तृतीयांश, तरी किनारा याहून लांब, कारण तिथे जागोजागी खाड्या, आखातं, द्वीपकल्पं. आफ्रिकेचा किनारा सलग आणि सरळ आहे. नैसर्गिक बंदरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी.

नद्यांचं तर विचारूच नका. काँगो पाण्याच्या बाबतीत ॲमेझॉनच्या खालोखाल. आत हजारो किलोमीटर बोटी चालतात, पण किन्शासापासून खाली मतादी बंदरापर्यंतच्या साडेतीनशे किलोमीटरांत ३२ धबधबे. म्हणजे एवढी थोरली नदी, पण समुद्रातून जहाज आत आणायला कुचकामी. झांबेझीवर काहोरा बासाच्या खडकांनी स्कॉटिश प्रवासी लिव्हिंगस्टनची आगबोट अडवली. नाईलवर अस्वान ते खार्टूम सहा ठिकाणी खडकाळ उतार. नायजर गिनीच्या डोंगरात समुद्रापासून अडीचशे किलोमीटरवर उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून थेट सहाराच्या दिशेनं जाते, मग टिंबक्टूच्या पुढे वळण घेऊन पार नायजेरियात उतरते.

वर त्सेत्से माशी. साधारण १ कोटी चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात ती घोडे-बैल जगू देत नाही. बैल नाही म्हणजे नांगर नाही, गाडी नाही, सगळा माल माणसाच्या डोक्यावर. उत्तरेला सहारा, नैर्ऋत्येला नामिब आणि कालाहारी. ५४ पैकी १६ देशांना समुद्रच नाही.

तर प्रश्न असा: अशा जमिनीवर कुणीही राहायला गेलं असतं तरी हेच झालं असतं का?

आगाऊ_कार्टा | शनिवार, रात्री ९:४८

पहिला! चहा टाकलाय. धागा शंभरी गाठणार.

चिंगी | शनिवार, रात्री १०:०५

छान लिहिलंय. पण 'आफ्रिकेचे हाल' म्हणजे नक्की कुणाचे? मोरोक्कोतल्या बर्बर शेतकऱ्याचे, लागोसच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कारकुनाचे की कालाहारीतल्या सान माणसाचे? एका श्वासात ५४ देश घेतलेत, म्हणून विचारलं.

शंकासूर | शनिवार, रात्री १०:२०

चिंगीला +१. आणि धागाकर्त्याला साधा प्रश्न: आपल्या गोदावरीतून, कृष्णेतून, भीमेतून जहाजं कधी चालली होती? पैठणला बंदर होतं का? नाही ना? मग सातवाहनांचं कसं चाललं?

बसाल्ट | शनिवार, रात्री ११:३२

दगड हा माझा धंदा, म्हणून जरा सविस्तर.

किनारा सरळ का, याचं उत्तर गोंडवनात आहे. आफ्रिका त्या महाखंडाच्या मधोमध होती. आजूबाजूचे तुकडे, म्हणजे दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, मादागास्कर, भारत, एकेक करून तुटले आणि मधला भाग राहिला तो आफ्रिका. त्यामुळे किनारे म्हणजे फाटलेल्या रेषा, आणि खंड बराचसा उंच पठार. युरोपच्या किनाऱ्यावर हिमनद्यांनी दऱ्या कोरल्या आणि नंतर समुद्र आत शिरला. आफ्रिकेत तसं घडलं नाही.

पठार उंच आणि कडा किनाऱ्याजवळ, त्यामुळे नदी आत संथ वाहते आणि कड्याशी आली की कोसळते. हे चित्र ओळखीचं वाटतं का? वाटायलाच हवं, कारण सह्याद्रीही असाच तुटलेल्या खंडाचा कडा आहे. दक्षिण आफ्रिका-लेसोथोमधला ड्राकेन्सबर्ग बघा. वर लाव्हाचे थर, खाली सरळसोट भिंत, समुद्राकडून येणारे ढग अडकलेले. फोटोखाली नाव नसेल तर नाणेघाटाचा मोठा भाऊ म्हणाल. फक्त तो लाव्हा १८ कोटी वर्षांपूर्वीचा, आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आणि उंची तिकडे साडेतीन हजार मीटरच्या जवळ.

म्हणून शंकासुराचा मुद्दा रास्त आहे. दख्खनला नदीमार्ग नव्हता, किनारा आणि पठार यांच्यामध्ये भिंत होती, तरी घाटवाटांनी व्यापार चालला. पण तो चालला कशावर? बैलांवर. लमाणांचे तांडे हजारो बैल घेऊन धान्य-मीठ वाहायचे. आता डोळे मिटून महाराष्ट्रातून बैल काढून टाका आणि सांगा काय उरतं. धागाकर्त्याच्या यादीतला माझ्या मते सगळ्यात जड मुद्दा माशीचा आहे. बंदरांचा त्यामानानं हलका.

नकाशावेडा | शनिवार, रात्री ११:५०

बसाल्ट, वा! बैलांचा मुद्दा मी नुसता उल्लेखून पुढे गेलो होतो, तुम्ही त्यात जीव ओतलात.

मोंबासाकरीण | रविवार, सकाळी ८:१५

मी नैरोबीत राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो आणि इथलेच झालो. दोन गोष्टी.

एक, हवामान. विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर, तरी जुलैत स्वेटर लागतो. शहर समुद्रसपाटीपासून जवळजवळ १८०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच. आदिस अबाबा तर आणखी साडेपाचशे मीटर वर. भारतातून पाहुणे येतात ते सुती कपडे घेऊन, आणि पहिल्याच संध्याकाळी माझ्या शाली पळवतात.

दुसरी, माणसं. आमच्या इमारतीत रखवालदार कालेंजिन, समोरची भाजीवाली किकुयू, मुलांना गणित शिकवणारे सर लुओ, कोपऱ्यावरचं दुकान सोमाली. किकुयू भाषा बांटू कुळातली, लुओ आणि कालेंजिन नाईलकाठच्या कुळातल्या, सोमाली आणखी तिसऱ्याच, अरबी-हिब्रूच्या दूरच्या नात्यातल्या कुळातली. मराठी आणि तमिळ निदान हजारो वर्षं शेजारी नांदून एकमेकींचं घेत आल्यात. इथे तीन वेगळ्या कुळांतली माणसं एका जिन्यात भेटतात आणि स्वाहिलीत हवापाण्याच्या गप्पा मारतात. 'आफ्रिकन माणूस' हा शब्द इथे राहिल्यापासून माझ्या तोंडून निघत नाही.

आणि हो, भाजीवालीला मी फोनवरून पैसे देते. एम-पेसा इथे २००७ पासून आहे. आपल्याकडे यूपीआय आलं २०१६ ला.

आगाऊ_कार्टा | रविवार, सकाळी ८:२२

रच्याकने, मोंबासाकरीण नैरोबीत काय करते?

मोंबासाकरीण | रविवार, सकाळी ८:३०

@आगाऊ_कार्टा, सुरुवातीला मोंबासात होतो. आयडी बदलायचा कंटाळा केला. आणि मोंबासात स्वेटर लागत नाही, घाम लागतो. दमट म्हणजे थेट आपली मुंबई.

निळावंती | रविवार, सकाळी १०:४०

धागाकर्त्याशी असहमत, आणि तेही बऱ्यापैकी.

'व्यापाराला अडचण' हे वाक्य पश्चिम आफ्रिकेचा इतिहास वाचणाऱ्यापुढे टिकत नाही. सहारा ओलांडून उंटांचे तांडे शेकडो वर्षं जात होते. उत्तरेकडून मीठ, दक्षिणेकडून सोनं. प्रवासी इब्न बतूता १३५२ मध्ये सहारातल्या तघाझाला पोचला, तेव्हा तिथली घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची होती, वर छप्पर उंटाच्या कातड्याचं. मालीचा राजा मन्सा मूसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत इतकं सोनं वाटून गेला की तिथे सोन्याचा भाव पडला. आणि धागाकर्ता ज्या नायजरला नावं ठेवतोय, तिच्या त्याच उलट्या वळणावर टिंबक्टू आणि गाओ उभी राहिली. नदी वाळवंटाकडे गेली म्हणूनच नावा आणि उंट एका जागी भेटले.

पूर्व किनाऱ्याचंही तसंच. तिथलं खरं बंदर म्हणजे वारा. नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचा वारा अरबस्तान-भारताकडून गलबतं घेऊन यायचा, एप्रिलनंतर नैर्ऋत्येचा त्यांना परत न्यायचा. मधल्या मुक्कामात व्यापार, सोयरिकी, भाषा सगळं झालं. किल्वा, मोंबासा, लामू, झांझिबार ही शहरं त्यातूनच आली. किल्वाकडे झिंबाब्वेच्या पठारावरचं सोनं सोफाला बंदरामार्गे यायचं. आणि आपल्यासाठी गंमत: अलिबागजवळच्या चौलला मिळालेले काचमणी आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उत्खननात मिळालेले काही काचमणी रासायनिकदृष्ट्या एकाच जातीच्या काचेचे आहेत.

बैलांबद्दल बसाल्टशी सहमत, पण अर्धीच. इथिओपियाचं पठार इतकं उंच की तिथे माशी पोचत नाही. तिथले शेतकरी फार पूर्वीपासून बैलाच्या नांगरानं टेफ हे तिथलं धान्य पिकवतात. धान्य, वसूल, राजा, सैन्य ही साखळी तिथे उभी राहिली, आणि १८९६ मध्ये अदवाला याच पठारावर सम्राट मेनेलिकनं इटलीचा पराभव केला. म्हणजे एकाच खंडात एक भूगोल माणसाला अडवतो आणि दुसरा वाचवतो. 'आफ्रिकेचा भूगोल' असा एकवचनी शब्दच वापरू नका.

शंकासूर | रविवार, सकाळी ११:०२

अवांतर: त्याच इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा हातोहात विकला जात अहमदनगरला आला, निजामशाहीचा वजीर झाला आणि त्यानं खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं. मलिक अंबर. त्याच्या नहरीचं पाणी शहरानं शतकानुशतकं प्यायलं. मुघलांना दख्खनच्या डोंगरांत दमवण्याची त्याची युद्धरीत कुठल्या पठारावरून आली असेल, यावर एक वेगळा धागा व्हावा.

निळावंती | रविवार, सकाळी ११:१०

@शंकासूर, लहानपणीच नेला त्याला. डोंगरातली युद्धरीत त्याला दख्खननं आणि मराठा बारगीरांनी शिकवली. सगळ्याचं श्रेय पठारांना देऊ नका हो!

डाळवाला | रविवार, दुपारी १:३०

इतिहास-बितिहास तुम्ही मंडळी बघा. मला आफ्रिका कळते ती तुरीच्या बोलीत.

आम्ही लातूर भागात डाळमिल चालवतो. बाजारात मोझांबिकच्या तुरीला गजरी म्हणतात, टांझानियाच्या एका मालाला मटवाडा, दुसऱ्याला अरुशा. मटवाडा म्हणजे टांझानियाच्या दक्षिण टोकाचं म्ट्वारा बंदर, हे मला फार उशिरा कुणीतरी नकाशावर दाखवलं. तोवर मी त्याला वाण समजत होतो. आपली तूर निघते डिसेंबर-जानेवारीत. विषुववृत्ताच्या खाली ऋतू उलटे, त्यामुळे त्यांचा माल ऑगस्ट-सप्टेंबरात तयार होतो आणि आपल्याकडे नेमका सणासुदीला, जुना साठा संपत आला की उतरतो. २०१६ मध्ये भारत सरकारनं मोझांबिकशी तुरीच्या खरेदीचा करारच केला. तिकडचा छोटा शेतकरी एकरा-दोन एकरात मक्याबरोबर तूर लावतो, आणि ती मुख्यतः आपल्या ताटासाठी.

आता धाग्याचा विषय. मलावीतही तूर होते, चांगली होते. पण मलावीला समुद्र नाही. माल मोझांबिकच्या नकाला किंवा बैरा बंदरातूनच निघणार. सीमेवर ट्रक थांबले की आमचं गणित बिघडतं. तोच दाणा, तीच माती, पण मलावीचा शेतकरी मोझांबिकवाल्यापेक्षा कमी भाव घेतो, कारण मधला खर्च त्याच्या भावातून वजा होतो. मालाला समुद्र नसणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

कोरडवाहू | रविवार, दुपारी २:१०

डाळवाले शेठ, त्यांची तूर स्वस्तात उतरली की आमच्या तुरीचं काय होतं तेही लिहा की. २०२१ पासून आयात खुली. आमच्या विदर्भात पाऊस दगा देतो ते वेगळं, पिकलं तर नकाल्याहून जहाज आलेलं असतं. मलावीच्या शेतकऱ्याबद्दल वाईट वाटतं, पण तो आणि मी एकाच काट्यावर तोलले जातो, हे कुणी बोलत नाही.

डाळवाला | रविवार, दुपारी २:४०

कोरडवाहू दादा, नाकारत नाही. मिलला बारा महिने माल लागतो, आणि तुम्हाला भाव लागतो. दोन्ही खरं.

मालिनीताई | रविवार, संध्याकाळी ६:२०

मी निवृत्त शिक्षिका. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं अवघड आहे.

नकाशावेडा, तुम्ही '१६ देशांना समुद्र नाही' हे वाक्य भूगोलाच्या खात्यात टाकलंत. तिथेच माझी तांबडी शाई उमटली. समुद्र नसणं ही डोंगर-नद्यांनी केलेली गोष्ट नाही. ती सीमेनं केलेली गोष्ट आहे. १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा किनारा गेला. २०११ मध्ये दक्षिण सुदान जन्मला तोच समुद्राविना. या दोन्ही वेळी एक दगडही जागचा हलला नव्हता.

गॅम्बियाचं उदाहरण मी वर्गात हमखास द्यायचे. त्या नदीत समुद्री जहाजं दोनशे किलोमीटरहून आत जातात. म्हणजे तुम्हाला हवी तशी, धबधबे नसलेली, सोन्यासारखी नदी. पण इंग्रजांनी नदी आणि तिचे काठ घेतले, फ्रेंचांनी भोवतालचा सगळा मुलूख. आजही गॅम्बिया म्हणजे नदीच्या दोन्ही बाजूंची पन्नास किलोमीटरपेक्षा अरुंद पट्टी, तिन्ही बाजूंनी सेनेगल. नदीला तिचा प्रदेश नाही आणि प्रदेशाला त्याची नदी नाही. सेनेगलच्या दक्षिण भागातून उत्तरेकडे जायला ट्रक फेरीबोटीसाठी रांगेत ताटकळायचे. पूल झाला तो २०१९ मध्ये.

१८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत प्रत्येक रेघ ओढली गेली असं पुस्तकांत ढोबळपणे म्हणतात. प्रत्यक्षात तिथे वाटणीचे नियम ठरले आणि बहुतेक रेघा पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत दोन-दोन सत्तांनी आपसात ओढल्या. परिणाम तोच. मसाई अर्धे केनियात, अर्धे टांझानियात. एवे लोक घाना आणि टोगोत. सोमाली तर चार देशांत.

आणि लोहमार्ग बघा. काँगोचे धबधबे टाळायला मतादी ते किन्शासा रेल्वे १८९० ते १८९८ दरम्यान बांधली, मजूर हजारोंनी मेले. म्हणजे धबधबा ही न सुटणारी अडचण नव्हतीच. पण ती रेल्वे, आणि तशाच बहुतेक सगळ्या, आतला माल बंदरावर नेण्यासाठी होत्या. एका शहरातून शेजारच्या शहरात माणसानं जावं, यासाठी नव्हत्या.

चिंगी | रविवार, संध्याकाळी ६:३५

ताई, तुमच्या वर्गात बसायला हवं होतं. वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे)!

आगाऊ_कार्टा | रविवार, संध्याकाळी ७:००

रेघांवरून आठवलं. नामिबियाला ईशान्येला एक लांबलचक शेपूट आहे, काप्रिवी पट्टा. १८९० च्या करारात जर्मनीनं ती इंग्रजांकडून घेतली, कारण त्यांना झांबेझीपर्यंत पोचून नदीमार्गे हिंदी महासागराकडे जायची आशा होती. वाटेत व्हिक्टोरिया धबधबा आहे. १०८ मीटर. जहाज उतरवणार होते की ढकलणार होते?

बसाल्ट | रविवार, संध्याकाळी ७:१२

यालाच म्हणतात टेबलावर बसून भूगोल करणं. 😄

गोंयकार | रविवार, रात्री ८:४५

गोव्याचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून मीच घेतो. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा. त्यामुळे आमचे लोक त्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या. पुढे इंग्रजी अमलात केनिया, युगांडा, झांझिबारमध्ये गोवेकर कारकून, शिंपी, स्वयंपाकी घरोघर. केनियाचे दुसरे उपराष्ट्रपती जोसेफ मुरुंबी, वडील गोवेकर, आई मसाई. पियो गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यासाठी लढले, १९६५ मध्ये त्यांची हत्या झाली. काफ्रियाल चिकन आमच्याकडे मोझांबिकमार्गेच आलं. आणि आज कोकण-गोव्यातल्या कारखान्यांत फुटणारा कितीतरी कच्चा काजू आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियाचा असतो. मालवणातून 'घरचा काजू' म्हणून आणलेली पुडी जपून विचारा.

मालवणी_माज | रविवार, रात्री ८:५२

गोंयकार, आमच्या काजूवर बोट ठेवायचं काम नाही. इतर प्रदेशांचं चालू द्या.

पोर्ट_लुई | रविवार, रात्री ११:१५

नमस्कार. मी मॉरिशसचा. माझी मराठी शाळेत शिकलेली आहे, घरी आम्ही क्रेओल बोलतो. आजोबांचे आजोबा रत्नागिरीच्या बाजूने ऊसमळ्यावर काम करण्यासाठी आले.

आम्ही आफ्रिकेत मोजले जातो, आफ्रिकी संघाचे सदस्य आहोत. पण आमच्या बेटावर मूळ रहिवासी असे कोणीच नव्हते. डच १५९८ मध्ये आले तेव्हा येथे डोडो होते, माणूस नव्हता. नंतर फ्रेंच, १८१० मध्ये इंग्रज. गुलामगिरी संपत आली तेव्हा, १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर आणले. त्यामुळे येथे आफ्रिकी, मराठी, तमिळ, तेलुगू, भोजपुरी, चिनी सर्व बाहेरून आलेले. गणेश चतुर्थीला आमच्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

भूगोलाबद्दल सांगायचे तर आमच्याकडे समुद्र सर्व बाजूंनी आहे. आणि शंभराहून अधिक वर्षे आमच्या पूर्वजांना त्याचा एवढाच उपयोग झाला की परत जाता येत नव्हते.

मोंबासाकरीण | सोमवार, सकाळी ७:५०

पोर्ट_लुई, तुमच्या शेजारच्या मादागास्करबद्दलही लिहा ना कधी. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून चारशे किलोमीटर, पण भाषा बोर्निओतल्या भाषेची सख्खी नातलग. हिंदी महासागर ओलांडून आलेली माणसं. मधल्या डोंगराळ भागात पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, शेजारी वशिंडवाली गुरं, तीन्ही त्रिकाळ भात. तिथे गेल्यावर मला क्षणभर कळेना, की आपण कुठल्या खंडात आहोत.

निळावंती | सोमवार, सकाळी ९:३०

धागा फाटे फोडतोय, पण चांगले फोडतोय.

माणसं आणि हवामान यांचं नातं दाखवणारं आणखी एक उदाहरण. नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेकडून बांटूभाषक शेतकरी चार-पाच हजार वर्षांपूर्वी निघाले आणि हळूहळू निम्म्या खंडात पसरले. ज्वारी-बाजरी, गुरं, लोखंड घेऊन दक्षिणेला आले आणि आजच्या दक्षिण आफ्रिकेत फिश नदीच्या आसपास थांबले. कारण पुढे पाऊस हिवाळ्यात पडतो. ज्वारीला उन्हाळ्यातला पाऊस लागतो. त्यामुळे टोकाला केपमध्ये खोईखोई पशुपालकच राहिले. १६५२ मध्ये डच आले ते हिवाळी पावसावर वाढणारा गहू आणि द्राक्षं घेऊन. पुढच्या तीनशे वर्षांच्या दुःखाला तिथून सुरुवात झाली. इथे भूगोलाचं वजन मी पूर्ण मान्य करते.

शंकासूर | सोमवार, सकाळी १०:०५

आता मला बोट्स्वाना सांगा कुणीतरी. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक. समुद्र नाही, बराचसा भाग कालाहारी, मोठी नदी म्हणावी तर ओकावांगो, ती समुद्राला न मिळता वाळूतच जिरते. धागाकर्त्याच्या हिशेबानं या देशाचं काही खरं नव्हतं. आज तो वरच्या मध्यम उत्पन्न गटात आहे. जवळचाच अंगोला बघा. दीड हजार किलोमीटरचा किनारा, तेल, हिरे, भरपूर पाऊस. आणि १९७५ ते २००२ यादवी.

बसाल्ट | सोमवार, सकाळी १०:३०

१९६७, बोट्स्वानातल्या ओरापाला हिरे सापडले. किंबरलाइट या हिरे असलेल्या दगडाचे पाइप. हिरे हाही भूगर्भाचाच प्रसाद की. 😉

शंकासूर | सोमवार, सकाळी १०:४१

हिरे तर काँगोतही आहेत, सिएरा लिओनमध्येही. फरक हिऱ्यांनंतर काय झालं यात आहे. ओरापाची जमीन ज्या जमातीच्या मुलखात, त्याच जमातीचे सेरेत्से खामा राष्ट्राध्यक्ष होते. तरी खनिजांवरचा हक्क जमातींकडून देशाकडे देणारा कायदा त्यांच्याच काळात, १९६७ मध्ये झाला. पुढे हिऱ्याच्या कंपनीत सरकारनं निम्मा वाटा मिळवला. गावसभेत सगळ्यांसमोर बोलून निर्णय घ्यायची त्स्वाना लोकांची जुनी चाल होती, तीही कामी आली.

मालिनीताई | सोमवार, सकाळी ११:२०

शंकासूर, लोकसंख्याही सांगा. आजही २५ लाखांच्या आसपास, आणि देश जवळजवळ फ्रान्सएवढा. शिवाय इंग्रजांना तिथे काही मिळेल असं वाटलं नाही म्हणून त्यांनी फार ढवळाढवळ केली नाही, जुन्या संस्था टिकल्या. आणि हिऱ्यावर इतकं अवलंबून राहणं आता त्यांना नडतंय, प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांमुळे. आदर्श म्हणून फोटो फ्रेम करायची घाई नको.

नकाशावेडा | सोमवार, रात्री ९:१०

सगळे प्रतिसाद वाचले. मूळ प्रश्नाकडे येतो.

मी माझी बाजू सोडत नाहीये, पण तिला काळाची मर्यादा घालतो. साधारण १८८० पर्यंत आफ्रिकेच्या आतल्या भागात मोठं ओझं दूर नेणं महाग होतं, आणि त्याचं कारण माशी, धबधबे आणि कडा हेच. निळावंतींची सगळी उदाहरणं बघा. मीठ, सोनं, मणी, हस्तिदंत: हलका आणि मौल्यवान माल. धान्य, लाकूड, लोखंड असा जड माल तांड्यांतून हजार मैल जात नव्हता. अपवाद इथिओपिया, आणि तो का, हे त्यांनीच सांगितलं. त्यानंतर मात्र वाफेचं इंजिन आणि मलेरियावरचं क्विनाइन आल्यावर धबधब्यांचा जोर संपला होता. पुढचा हिशेब मालिनीताईंच्या रेघांकडे आणि लोहमार्गांकडे जातो. १६ देशांचं वाक्य मी त्या खात्यात वळतं करतो.

निळावंती | सोमवार, रात्री ९:३५

नायजरच्या वळणावर नावांतून धान्य जायचं टिंबक्टूला, जेन्नेहून. जड माल. 🙂 बाकी मान्य.

नकाशावेडा | सोमवार, रात्री ९:३८

नावेतून ना? म्हणजे नदी चालत होती तिथे चाललं. माझंच म्हणणं.

आगाऊ_कार्टा | सोमवार, रात्री ९:४०

हे दोघं २०३० पर्यंत चालू ठेवणार. मी झोपतो.

डाळवाला | मंगळवार, सकाळी ९:००

एक भर. मलावी-नकाला रेल्वे आहे म्हणून सांगितलं होतं का मी? नाही बहुतेक. आहे. पण मोझांबिकच्या यादवीत, १९७७ ते ९२ मध्ये, ती मोडून पडली होती आणि मलावीचा माल पार दक्षिण आफ्रिकेत डर्बनला ट्रकनं जायचा. तिकडचे जुने व्यापारी अजून सांगतात. जवळचं बंदर समोर असून अख्खा देश वळसा घालत होता. यात भूगोल किती आणि माणूस किती, ते तुम्ही वाटून घ्या.

कोरडवाहू | मंगळवार, सकाळी ९:२५

शेठ, ते असू द्या. यंदा गजरी कधी उतरतेय?

डाळवाला | मंगळवार, सकाळी ९:३१

जहाज लागलं की व्यनि करतो. तोवर तुमचा माल असेल तर दाखवा, भाव बसून ठरवू.